जीआर ८६ ला बाहेरचा एअर इनटेक बसवावा का?

बॉक्सरवाला
मंडळी, इथे गाड्यांचे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतो. माझ्याकडे २०२३ ची टोयोटा जीआर ८६ आहे, मॅन्युअल गिअरची. २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, टर्बो नाही, २२८ हॉर्सपॉवर. राहतो सनीवेलला, म्हणजे कॅलिफोर्नियाचे सगळे नियम मानगुटीवर.

कंपनीचा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) काढून त्या जागी मोठ्या नळीचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर असलेला इनटेक बसवायचं डोक्यात आहे. किंमत चारशे डॉलरच्या आसपास. विकणारे म्हणतात दहा हॉर्सपॉवर वाढतील, मित्र म्हणतात आवाज भन्नाट येतो आणि घरून विचारणा होते की धडधाकट गाडी उघडायची कशाला.

तर खरंच काही वाढतं का? वॉरंटीचं काय होतं? आणि ड्राइव्हवेमध्ये साध्या हत्यारांनी बसतो का? ज्यांनी बसवलाय त्यांनी लिहा. बसवून काढून टाकलाय त्यांनी तर नक्की लिहा.

रानमांजर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

सदाशिवपेठी
हवा आत घ्यायला चारशे डॉलर? आमच्या पेठेत अजून फुकट आहे. (हलके घ्या.)

केतकी_मिशिगन
बॉक्सरवाला, मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते. तुमच्या गाडीच्या कंपनीत नाही, तेव्हा पक्षपाताचा संशय नको. पैसे घालण्याआधी एक मोजमाप करा.

ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायचं सॉकेट) लावायचा स्वस्त रीडर घ्या. त्यावर दोन आकडे बघायचे, बाहेरच्या हवेचा दाब (बॅरो) आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब (मॅप). रिकाम्या रॅम्पवर, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून ७००० आरपीएमपर्यंत न्या आणि लॉग साठवा. समुद्रसपाटीला बॅरो साधारण १०१ किलोपास्कल असतो. मॅप समजा ९८ आला, तर फिल्टर, एअरबॉक्स, नळी आणि थ्रॉटल बॉडी (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप) सगळं मिळून ३ टक्के दाब खातंय. ते सगळं उपटून फेकून दिलंत तरी हातात येणार ते सहा-सात हॉर्सपॉवर. तुम्ही तर त्यातला एकच भाग बदलणार आहात. दहाचा आकडा कुठून आला असेल ते आता तुम्हीच ताडा.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. तुमच्या गाडीत हवेच्या वाटेवर मॅफ सेन्सर आहे. त्यात एक तापवलेली तार असते, जाणारी हवा तिला गार करते आणि त्यावरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हवेचं वजन काढतो. पण सेन्सर सगळी हवा मोजत नाही. मधला थोडासा नमुना मोजतो आणि बाकीचं नळीच्या व्यासावरून गृहीत धरतो. ७० मिलिमीटरची नळी ७२ ची केली की क्षेत्रफळ जवळजवळ ६ टक्क्यांनी वाढतं. हवा तेवढीच, पण आता ती सावकाश जाते. सेन्सरला वाटतं कमी आली, ईसीयू पेट्रोल कमी टाकतो. रमतगमत चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चोरी पकडतो आणि फ्युएल ट्रिम (पेट्रोलची टक्क्यांतली दुरुस्ती) वाढवून भरपाई करतो. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र बऱ्याच गाड्यांत ती ताजी दुरुस्ती थांबते. मिश्रण पातळ राहतं, आणि लोड कमी मोजला गेल्यामुळे ठिणगीही जरा आधी पडते.

गंमत अशी की यामुळे गाडी खरोखरच चपळ वाटते! वाढलेले घोडे पुष्कळदा इथून येतात, फिल्टरमधून नाही. पण १२.५ ला १ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला नॉक व्हायला (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसायला) एवढं निमंत्रण पुरतं. त्यात कॅलिफोर्नियात पंपावर ९१ ऑक्टेनचं मिळतं, आमच्यासारखं ९३ नाही.

तेव्हा घ्यायचाच असेल तर मॅफच्या जागी नळीचा व्यास मूळ मापाइतका ठेवलेला घ्या. चांगले उत्पादक तो तसाच ठेवतात.

मध्यमवर्गीय
केतकीताई, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

एक भाबडा प्रश्न. ९१ कमी कसं? आमच्या पंपावर वर्षानुवर्षं साधं पेट्रोल ९१च असायचं आणि प्रीमियम ९५.

केतकी_मिशिगन
मोजायची पद्धत वेगळी आहे. आरओएन आणि एमओएन या ऑक्टेनच्या दोन चाचण्या. भारतात आरओएन सांगतात, इथे दोन्हींची सरासरी. इथलं ९१ म्हणजे तुमच्याकडचं साधारण ९५-९६.

पोलोवाला_चाकण
माझी पोलो जीटी टीएसआय, १.२, डीएसजी. स्पोर्ट्स कार म्हणवत नाही, पण चाकणला जन्मलेल्यांत आमचं तेच दैवत. टर्बो आहे आणि ईसीयूचा हिशेब मॅनिफोल्डच्या दाबावर चालतो, त्यामुळे मॅफचं लफडं नाही.

आधी नुसता पॅनेल फिल्टर बदलला. कंपनीच्याच डब्यात बसणारा, धुऊन परत वापरायचा कापडी. फरक औषधालाही नाही. मग उघडा कोन टाकला आणि काय सांगू, पाय दाबला की टर्बोची शिट्टी, सोडला की फुस्स! ताम्हिणीत काच खाली करून गाणी बंद ठेवायचो. मायलेज उतरलं, पण त्याला जबाबदार इनटेक नाही, उजवा पाय.

तरीही काढला. कारण ताम्हिणी महिन्यातून एकदा, चांदणी चौक रोज. उन्हाळ्यात रांगेत उभं राहिलं की बॉनेटखाली भट्टी, आणि हा बाबा तीच हवा ओढत बसतो. सिग्नल सुटल्यावर गाडी मरगळल्यासारखी निघायची. कंपनीची नळी ग्रिलच्या मागून बाहेरची हवा घेते, ती उगाच नाही.

आंबेगावकर
पोलोवाले, अगदी. हवा दर तीन अंशांनी तापली की सुमारे एक टक्का विरळ होते. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६५, म्हणजे कमाईच्या दुप्पट-तिप्पट उधारी. गाडी वेगात असताना हे कमी होतं हे खरं, पण पुण्यात वेग कुठून आणायचा?

दादरकर
म्हणून लोक 'कोल्ड एअर' प्रकार घेतात. नळी लांब करून फिल्टर खाली फेंडरमध्ये, बंपरच्या मागे नेतात. गार हवा मिळते, मान्य. आणि हिंदमाताला पाणीही मिळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कंपनीच्या उंचावरच्या नळ्याही पाणी प्यायल्या. मग फिल्टर जमिनीपासून वीतभर आणून ठेवायची हौस कशाला?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्टर मारून बघणं हा सगळ्यात महाग उपाय. साध्या विम्यात हे बहुधा बसत नाही, 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं.

बॉक्सरवाला
दादरकर, इकडे पाऊस हिवाळ्यात आणि तोही बेताचाच. पण मुद्दा नोंदवला. मी बघतोय तो इनटेक कंपनीच्याच जागी बसतो, खाली जात नाही. भोवती बंद डबा आहे आणि पुढची मूळ नळी तशीच राहते.

घाटमाथा
आणि वेगात हवा आपोआप आत कोंबली जाते, हा 'रॅम एअर'चा मुद्दा कुणी आणायच्या आत आकडा देऊन ठेवतो. १०० किमी वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब अर्ध्या किलोपास्कलहूनही कमी. अर्धा टक्का नाही. उलट गाडी महाबळेश्वरला नेलीत तर उंचीमुळे हवेचा दाब १५ टक्के घटतो. तेव्हा कुणी बॉनेट उघडून रडत नाही, स्ट्रॉबेरी खातात.

रानमांजर
घाटमाथा, १०० किमीला अर्धा टक्का तर ३०० ला किती?

घाटमाथा
वर्गाच्या पटीत, म्हणजे नऊपट. ४ टक्के. आणि दंड किती ते आरटीओला विचारा.

शेतकरी_फलटण
राम राम. स्पोर्ट्स कारमधलं कळत नाय, पण फिल्टरमधलं कळतं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ फिल्टर. वर प्री-क्लीनरचं भांडं, त्यात हवा गरगर फिरते आणि जाड धूळ कडेला पडते. मग हवा खालच्या तेलावर आपटून वळते, बारीक धूळ तेलात बसते. मळणीच्या दिवसांत रोज उघडून बघायचं, गाळ साचला की तेल बदलायचं. कागदी फिल्टर आले तरी हा अजून चालतोय.

सांगायचं काय, तर हवा जास्त जाते म्हणजे गाळणं कमी होतंय का ते आधी बघा. धूळ आत गेली की रिंगा आणि लायनर घासले. मग तेल खायला लागतो आणि निळा धूर. हे इंजिन उतरवायचं काम लाखाच्या खाली होत नाय.

केतकी_मिशिगन
फलटणकर दादा लाखमोलाचं बोललात. कागदी फिल्टर बारीक धूळ साधारणपणे जास्त चांगली पकडतो. तेल लावलेला कापडी फिल्टर हवेला अडथळा कमी करतो, पण सगळं फुकट मिळत नाही. शिवाय धुतल्यावर तेल सढळ हाताने लावलं तर ते उडून मॅफच्या तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं. मॅफ साफ करायचा वेगळा स्प्रे मिळतो. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर त्यावर मारू नका, आणि तारेला कापूस, बोट, काहीही लावू नका.

विनीत_फॉर्म्युला
आमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम आहे, पुण्यात. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला जातो. आमच्याकडे इनटेक म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न, कारण नियमच आहे की इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून जायला हवी. त्या भोकात हवा आवाजाच्या वेगाला पोचली की संपलं. पुढून कितीही ओढा, वजनाने जास्त हवा येत नाही. म्हणून भोकानंतरचा डिफ्युझर (रुंदावत जाणारी नळी) किती अंशांनी उघडायचा, प्लेनम (हवेची टाकी) केवढा, रनर (तिथून सिलिंडरकडे जाणारी नळी) किती लांब, यावर रात्रीच्या रात्री जातात. इंजिन केटीएम ३९० चं.

रनरच्या लांबीने खरा फरक पडतो. व्हॉल्व्ह बंद झाला की नळीत दाबाची लाट उलट जाते आणि परत येते. ती नेमकी पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडताना पोचली तर थोडी जास्त हवा आत ढकलते. पण ते एका ठरावीक आरपीएमलाच, दुसरीकडे तेवढंच गमवावं लागतं. त्यामुळे केतकीताईंचं ३ टक्क्यांचं गणित थोडं वरखाली होऊ शकतं.

केतकी_मिशिगन
बरोबर, विनीत. म्हणूनच डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) एकच सर्वोच्च आकडा बघू नये, पूर्ण आलेख बघावा. आणि डायनोवर बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा असतो हेही लक्षात ठेवावं. (नोकरी लागते का बघ रे इकडे, लेखन स्वच्छ आहे.)

सदाशिवपेठी
धाग्यावर भरती सुरू झाली. माझा भाचा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तोही बघा.

कलमबहाद्दर
बॉक्सरवाला, हे तुमच्यासाठी. कॅलिफोर्नियात व्हेइकल कोडचं २७१५६ कलम आहे. इनटेकसारखा प्रदूषणाशी संबंध येणारा भाग बदलायचा तर त्याला कार्बचा, म्हणजे तिथल्या हवा मंडळाचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक हवा. आणि तो तुमच्या मॉडेलला व वर्षाला लागू आहे का ते यादीत बघून घ्या, नुसता स्टिकर पुरत नाही. मूळ डब्यात बसणारा पॅनेल फिल्टर मात्र साधा सुटा भाग धरतात, त्याला क्रमांक लागत नाही.

टॉर्करेंच_न्यूजर्सी
पण नव्या गाडीला आठ वर्षं स्मॉग तपासणी नसते ना तिकडे? मग बघतो कोण?

कलमबहाद्दर
तपासणी नसते, कायदा असतो. चार मॉडेल वर्षांनंतर विकायला काढलीत तरी तपासणी लागते, आणि तपासणीस बॉनेट उघडून डोळ्यांनी बघतो. २०२१ पासून ईसीयूचं सॉफ्टवेअर छेडलंय का तेही मशीन तपासतं. तेव्हा पुढे ट्यून करायचा विचार असेल तर सावध.

वॉरंटीबद्दल, १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून आख्खी वॉरंटी रद्द करता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला असं त्यांनी दाखवावं लागतं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात मूळ एअरबॉक्स कपाटात जपून ठेवा.

पोलोवाला_चाकण
आणि आपल्याकडे? मला एकदा पोलिसांनी अडवलं होतं, पण बॉनेट उघडायला सांगितलं नाही.

कलमबहाद्दर
मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ए कलम नव्याने लिहिलं गेलं, बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आंबेगावकर
पण आरसीवर एअर फिल्टर कुठे लिहिलेला असतो? रंग, इंजिन नंबर, सीसी, आसनं. फिल्टरने यातलं काय बदललं?

कलमबहाद्दर
हा युक्तिवाद करता येईल. पण रस्त्यावर करायचा की कोर्टात, आणि वकिलाची फी फिल्टरपेक्षा जास्त झाली तर काय, ते तुम्ही ठरवा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी नडतो तो वेगळाच.

दादरकर
बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात तसे फिल्टर घालताना अजून कुणी पाहिले नाहीत. सायलेन्सरवाल्यांचं मात्र चाललंय ते योग्यच चाललंय.

रानमांजर
दादरकर, बुलेटचा विषय काढू नका, दुसरा धागा उघडावा लागेल.

टॉर्करेंच_न्यूजर्सी
मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्याकडे याच गाडीची जुळी बहीण आहे, सुबारू बीआरझेड, नवी पिढी. इनटेक मीच बसवला. काम सोपं आहे, निवांत दुपार पुरते.

इंजिन गार असू द्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. मॅफचा प्लग काढताना वायर ओढू नका, खटका दाबा. वरच्या प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत तुटतात, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा. एअरबॉक्सचे बोल्ट काढले आणि थ्रॉटलकडची पट्टी सैल केली की डबा हलवत हलवत बाहेर येतो. उघड्या थ्रॉटलच्या तोंडात लगेच स्वच्छ फडका कोंबा. तिथे पडलेला नट शोधायला लागलात तर दुपार नाही, आठवडा जातो. मॅफ सेन्सर दोन स्क्रूवर असतो. नव्या नळीत बसवताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण बघा आणि खालचा रबरी ओ-रिंग पिळला जाऊ देऊ नका.

सगळ्या पट्ट्या आधी सैल ठेवून नळी कुठे घासत नाही ना ते बघा, मग आवळा. मॅफ आणि इंजिनाच्या मध्ये कुठेही फट राहिली तर न मोजलेली हवा आत शिरते. सुरू केल्यावर आयडल वर गेलं, सूं असा आवाज आला, किंवा दोन दिवसांनी चेक इंजिन लागून पी०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा) कोड आला, तर पहिली शंका तिथेच घ्या.

आता निकाल. ताकद वाढल्याचं मला तरी जाणवलं नाही, आणि माझा बुडाचा डायनो वाईट नाही. आवाज मात्र ४००० च्या वर दुसराच होतो. कंपनीच्या नळीला आवाज मारण्यासाठी बंद कप्पे जोडलेले असतात, ते गेले की इंजिनाचा घसा मोकळा होतो. नाहीतरी या गाडीत केबिनमध्ये जो आवाज येतो त्यात स्पीकरमधून मिसळलेला भाग असतोच.

मध्यमवर्गीय
म्हणजे इंजिन ओठ हलवतं आणि मागून स्पीकर पार्श्वगायन करतो?

टॉर्करेंच_न्यूजर्सी
तंतोतंत.

आंबेगावकर
ही गाडी भारतात मिळतच नाही आणि आम्ही तिच्या ओ-रिंगवर चर्चा करतोय. धन्य आहोत.

बॉक्सरवाला
सगळ्यांचे आभार. केतकीताईंनी सांगितलेलं मोजमाप केलं. बॅरो १०१, ६८०० च्या पुढे मॅप ९८ आणि ९९ च्या मध्ये नाचतो. म्हणजे मूळ डबाच चांगला आहे, मिळण्यासारखं फारसं शिल्लक नाही. फ्युएल ट्रिम अधिक २ च्या आसपास.

तरी इनटेक मागवलाय. ताकदीसाठी नाही, आवाजासाठी. माझ्या वर्षाच्या गाडीला लागू असलेला ऑर्डर क्रमांक आहे, डबा बंद आहे आणि मॅफच्या जागचा व्यास मूळ मापाचा असल्याचं उत्पादकाने लेखी कळवलंय. घरी 'फिल्टर बदलतोय' एवढंच सांगितलंय, जे खोटं नाही.

केतकी_मिशिगन
आवाजासाठी असेल तर माझं काही म्हणणं नाही, तो प्रामाणिक हिशेब आहे. बसवल्यावर दोनतीनशे मैल चालवून ट्रिम परत बघा. अधिक ५ पर्यंत ठीक. ८-१० कडे सरकला तर आधी गळती शोधा, नसेल तर नळीचं माप उत्पादक म्हणतो तसं नाही. आणि लागुना सेकाला ट्रॅकवर नेणार असाल तर तिथली त्या दिवसाची डेसिबलची मर्यादा आधी विचारून घ्या, इनटेकचा आवाजही त्यात मोजला जातो.

सदाशिवपेठी
घरच्यांनी धागा वाचला तर?

बॉक्सरवाला
त्या दुसऱ्या संकेतस्थळावर असतात. पाककृतींच्या.

नवा_सभासद_०७
नमस्कार, इथे नवीन आहे. धागा पूर्ण वाचला, खूप माहिती मिळाली. माझ्याकडे नेक्सॉन ईव्ही आहे. तिला असा इनटेक मिळेल का?

दादरकर
तिच्यात हवा फक्त तुम्हाला लागते, मोटरला नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो, तो बदला. दोनचारशे रुपयांत काम होतं आणि आरटीओ विचारत नाही.